सोळा नंबरचा बुधवार

बोईसरहून वाणगावच्या पूर्वेकडच्या पाड्यांकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना भात पिवळं पडायला लागलंय. वारा डोंगराकडून असला तर त्याचा कोरडा, गोडसर वास रिक्षात येतो. पश्चिमेकडून असला तर औद्योगिक वसाहतीचा वास येतो, आणि मग भात पिकलंय की नाही ते डोळ्यांवरच सोडावं लागतं. एरवी या दिवसांत मला बरं वाटतं. ऊन टोचत असलं तरी चिखल संपलेला असतो, बांधावरून चालता येतं. यंदा मात्र पहिला पिवळा तुकडा दिसला आणि माझं डोकं फिरलं. कारण पिशवीत निमंत्रण होतं.

निमंत्रण जाड, गुळगुळीत कागदाचं. वर एक त्रिकोण. त्याच्या एका टोकाला ‘उद्योग’, दुसऱ्याला ‘संशोधक’, तिसऱ्याला ‘समाज’. तिन्ही बाजू अगदी सारख्या, पट्टी लावून काढलेल्या. एचआयव्ही कायमचा बरा करण्याच्या संशोधनात या तिघांची भागीदारी कशी गरजेची आहे हे खाली लिहिलेलं. सोबत एक फॉर्म, पुढच्या टप्प्याला समाजाची संमती आहे असं सांगणारा. शुक्रवारपर्यंत सही करून पाठवा, असं त्यात नम्रपणे म्हटलं होतं. समाजाच्या वतीनं सही करायची होती मी.

हा समाज म्हणजे कोण, ते सांगतो. सांगलीकडून तारापूरला आलो तेव्हा मी समाज वगैरे नव्हतो, ऑपरेटर होतो. कुंभवलीत खोली, आणि औषधाची पावडर वाळवायच्या खात्यात काम. पाळी संपवून बाहेर पडलो की भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या आणि जिभेवर कडू चव राहायची. चहा प्यायला तरी जायची नाही. ती पावडर एचआयव्हीच्या गोळ्यांची होती हे मला माहीत होतं. आपल्याही रक्तात तोच आजार आहे, हे पुढे कळलं. कळल्यावर कॅन्टीनमध्ये माझा ग्लास वेगळा झाला. माझ्या हातून वाळलेल्या पावडरीला मात्र कुणी वेगळं ठेवलं नाही. आता त्याला वीसेक वर्षं झाली. नोकरी सुटली, मी टिकलो. बोईसरला एका खोलीत महिन्यातून एकदा आम्ही तीसेक जण जमतो, कुणाच्या गोळ्या चुकल्या, कुणाला कामावरून काढलं, ते बोलतो. त्या खोलीची किल्ली माझ्याकडे असते. एवढ्या पात्रतेवर मी समाज झालो.

गेल्या वर्षी पहिली बैठक पालघरच्या एका हॉटेलात झाली. एसी इतका की मी रुमाल मानेला गुंडाळला. गळ्यात अडकवायला पट्टी आणि कार्ड दिलं. इतरांच्या कार्डांवर नावं आणि हुद्दे, माझ्यावर नुसतं ‘समाज प्रतिनिधी’. विचारलं तर म्हणाले, गोपनीयतेसाठी. आणि मग मला पहिल्या रांगेत बसवून फोटो काढला.

कंपनीचे साहेब बोलले. ही कंपनी माझी जुनी कंपनी नव्हे, तिच्याहून खूप मोठी. साहेबांचा शर्ट पांढरा, बाह्या दुमडलेल्या. आपण कामाला तयार आहोत हे दाखवायला अशी माणसं बाह्या दुमडतात, पुढे काम करत नाहीत. “आप लोग ही असली हीरो हैं,” ते माझ्याकडे बघून म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कुणासाठी ते नीट न कळता. मग संशोधन संस्थेच्या मोठ्या मॅडम उठल्या. त्या मुंबईहून आलेल्या. शांत बोलणाऱ्या, समोरच्याचं ऐकताना मान किंचित वाकडी करणाऱ्या. त्यांनी जे सांगितलं ते मात्र मी कान देऊन ऐकलं.

गोळ्या रोज घेतल्या की विषाणू शरीरात दबून राहतो, मरत नाही. कुठेतरी कोपऱ्यात लपून बसतो. या इंजेक्शनानं शरीरालाच त्याला दाबून ठेवायला शिकवायचं. शिकलं का, हे बघायचा एकच रस्ता आहे: काही दिवस गोळ्या थांबवायच्या आणि दर आठवड्याला रक्त तपासायचं. विषाणू सलग दोन आठवडे वर आला, की गोळ्या परत सुरू. यात वावगं काही नाही. मी सरळ सांगतो, मला हे हवं होतं. रोज रात्री जेवणानंतर ती एक गोळी हातावर घेतो तेव्हा वाटतं, एक दिवस ही नसावी. मी स्वतः हात पुढे केला असता, पण माझं वय त्यांच्या मर्यादेबाहेर. म्हणून मला सुईऐवजी खुर्ची मिळाली.

त्या बैठकीत चाचणीचा काळ ठरला. पावसात लावणी असते, तेव्हा लोक कामात असतात; पाऊस संपल्यावर सुरू करू, तेव्हा ते मोकळे असतील, असं कुणीतरी म्हणालं. सगळ्यांनी माना हलवल्या. आता भात लावलं की ते कापावंही लागतं, हे कळायला काही पदवी लागत नाही. पण त्या खोलीत पदव्या सोडून बाकी सगळ्याचीच टंचाई होती. माझ्या तोंडात बटाटेवडा होता. समाज त्या वेळी चावत होता, आणि चावून होईपर्यंत विषय पुढे गेला.

माणसं मिळवून द्यायचं काम अर्थातच माझं. आमच्या खोलीवर येणारी एक बाई होती, तिचं खरं नाव मी इथे लिहिणार नाही. सोनी म्हणू. डोंगराच्या पायथ्याच्या पाड्यावरची, नवरा गेलेला, एक मुलगी. धाकट्या जावेबरोबर, काशीबरोबर, एकाच चुलीवर राहायची. डोंगरउताराच्या हलक्या वरकस जमिनीत थोडं भात, आणि दिवाळीनंतर दोघी वीटभट्टीवर. भट्टीवर गोळ्यांची बाटली लपवणं हे तिचं सगळ्यात मोठं दुखणं होतं. तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायची. महिन्याच्या गोळ्या संपल्या की नव्या आणायला एवढ्या लांबून परत कोण पाठवणार? सुट्टी मागितली की मुकादम विचारणार, कसला आजार? दोन वेळा तिच्या गोळ्या बंद पडल्या होत्या आणि दोन्ही वेळा ती मरता मरता राहिली होती.

मी तिला चाचणीच्या संमतीच्या फॉर्मची पानं तिच्या भाषेत समजावली. बरीच पानं होती. मळमळ होईल, दंड सुजेल, माहिती परदेशात जाईल, मन बदललं तर केव्हाही सोडता येईल, सगळं होतं.

“म्हंजे मंग बाटली नाय लागनार?” तिनं विचारलं.

“जमलं तर नाही लागणार.”

“आन नाय जमला तं?”

“तर लगेच गोळ्या सुरू. दर बुधवारी गाडी येईल, रक्त घेतील. ते बघत राहतील.”

तिनं मुलीकडे बघितलं. मग अंगठ्याला शाई लावली. माझ्या शब्दावर लावली, हे मला तेव्हाही माहीत होतं.

गणपतीनंतर इंजेक्शनं झाली. नवरात्राच्या आधी गोळ्या थांबल्या, आणि उरलेल्या बाटल्या संस्थेनं काळजीनं जमा करून घेतल्या, कुणी चुकून खाऊ नये म्हणून. दर बुधवारी फिरती गाडी शेजारच्या गावच्या समाजमंदिरापाशी उभी राहायची. नाव कुणाचं घ्यायचं नाही, हा त्यांचा मोठा अभिमान. प्रत्येकाला नंबर. गाडीतली मुलगी पडदा बाजूला करून नुसता आकडा पुकारायची, आकडेवाला आत जायचा, हात पुढे करायचा, निघून जायचा. सोनी सोळा नंबर होती. गाडीतली मुलंही आठवड्याला बदलायची, म्हणजे चेहराही कुणी ओळखू नये. साहेबांनी ही पद्धत बैठकीत दोनदा वाखाणली.

तिकडे पाड्यावर वेगळी पद्धत चालू होती. ती कुणी कागदावर लिहिलेली नाही. भात पिकलं की सगळा पाडा मिळून एकेकाच्या शेतात उतरतो. आज तुझ्या शेतावर सगळे, उद्या माझ्या. तिथं मजुरी नसते. घरटी एक माणूस यायचा, एवढंच ठरलेलं असतं. कुणाला ताप आला, कुणाला बाजारात जायचं असलं, तर त्यानं घरचा दुसरा माणूस धाडायचा. सासू येते, भाऊ येतो, जाऊ येते. कोण आलं हे कुणी विचारत नाही. विळा चालला पाहिजे. माणूस न धाडता घरी बसणं हा एकच गुन्हा. मी उसाच्या मुलखातला माणूस, आमच्याकडे टोळ्या येतात आणि पैसे घेऊन जातात. पाड्यावरचं हे मी वर्षानुवर्षं बांधावरून बघत होतो आणि छान आहे म्हणत होतो. यापलीकडे मी त्यात काही पाहिलं नव्हतं.

पहिले दोन बुधवार बरे गेले. मग साहेबांचा फोन आला, दिवाळीच्या तोंडावर. आवाजातून आनंद उतू चालला होता. बाकीच्यांचा विषाणू हळूहळू वर येऊ लागला होता, त्यांच्या गोळ्या सुरू करायची तयारी चालली होती. पण सोळा नंबर स्वच्छ. पाच बुधवार झाले, विषाणूचा मागमूस नाही. आजाराशी लढणाऱ्या पेशीही उत्तम, निरोगी माणसाला लाजवतील अशा. “ये तो हिस्टॉरिक है,” ते म्हणाले. मोठ्या मॅडमनी घाई नको असं सांगितलं होतं म्हणे, पण साहेबांनी एक छोटी बैठक ठेवलीच होती. त्रिकोणाच्या तिसऱ्या टोकानं सोळा नंबरला भेटून तिचं मन तयार करावं, पुढेमागे तिला बोलावं लागेल. गोपनीयता पाळूनच, अर्थात, चेहरा झाकून.

मी मिठाई घेऊन गेलो. खोटं का बोलू, रिक्षात माझे डोळे भरून आले होते. आमच्यातली एक बाई सुटली, असं वाटत होतं. घेताना मी पेढे घेतले, मग मुलीसाठी फटाक्यांची एक माळही घेतली.

खळ्यावर भाताचे भारे रचलेले होते आणि काशी एकटीच झोडत होती. सोनी पेंढ्यावर आडवी होती, उन्हात, गोधडी पांघरून. मी कपाळाला हात लावला. तापलं होतं. तिला गिळवत नव्हतं, मानेला गाठी आल्या होत्या. हे सगळं मी स्वतःच्या अंगावर एकदा बघितलेलं आहे, मला कुणी सांगायची गरज नव्हती. तरी मी मूर्खासारखा म्हणालो, “पण तुझा रिपोर्ट तर एकदम छान आलाय. पाच बुधवार.”

काशीनं हातातला भारा खाली ठेवला. “ता तिचा नाय,” ती म्हणाली. “ता माजा रगत हाय. तीन बुधवार मीच गेले.”

“तू का गेलीस?”

“तिला बुधवारी शेतावं जाया लागायचा. पयला शेजारच्या धर्माच्या शेतावं, मंग त्या वरच्या आळीत, मंग आमच्याच. ती कापनारी चांगली, माजा हात दुकतं. म्हनून ती शेतावं गेली, मी गाडीवं गेले.” मग तिला माझ्या तोंडाकडे बघून काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. “मानूस कमी नाय पडू दिला, दादा. त्यांनी सोला बोलला, मी हात पुडं केला.”

सोनी डोळे न उघडताच बोलली, “तुमी बोललेलं बुधवार चुकवायचा नाय. नाय चुकवला.”

मी पेंढ्यावर बसलो. फॉर्मची ती सगळी पानं डोळ्यांपुढून गेली. मळमळ होती, परदेश होता, कोर्टाचा उल्लेख होता. ज्याचं रक्त, त्यानंच द्यायला यायचं, हे वाक्य कुठेही नव्हतं. लिहिणाऱ्यांना ते सुचलं नाही, आणि समजावणाऱ्यालाही नाही. या बायका आपला शब्द पाळत होत्या, आणि तो पाळण्यात सोनीच्या अंगात विषाणू तीन आठवडे मोकळा हिंडत होता.

तिथूनच फोन लावला. साहेब म्हणाले, “बहुत अनफॉर्च्युनेट. अभी बाहर मत बोलिए.” त्यांना सोनीचा ताप किती आहे हे विचारावंसं वाटलं नाही. बैठकीसाठी हॉटेलचा हॉल घेऊन ठेवला होता, त्याचं दुःख आवाजात स्वच्छ ऐकू येत होतं. मोठ्या मॅडमनी ताप विचारला, गाठी विचारल्या. पण गोळ्यांचं विचारलं तर म्हणाल्या, नियमानुसार आता तिचे स्वतःचे दोन सलग नमुने लागतील, वर आलेले. नाहीतर ताप कशाचा हे ठरणार नाही.

“मॅडम, म्हणजे अजून दोन बुधवार?”

“मी समितीशी बोलते. दिवाळीची सुट्टी आहे, पण मी बोलते.”

त्या वाईट बाई नाहीत. मला त्यांचा राग यायला हवा होता तितका येत नाही, आणि याचाही मला राग येतो. पण त्या क्षणी मला त्या सगळ्यांची किळस आली. इतकी हुशार माणसं, आणि एका बाईच्या हातावर गोळी ठेवायला त्यांना समिती लागते, समितीला दिवाळी लागते.

आमच्या बोईसरच्या खोलीत भिंतीवर एक कागद आहे. मीच लिहून चिकटवलाय: आपली गोळी दुसऱ्याला द्यायची नाही. कित्येकांना मी त्यावरून झापलंय. त्या दिवशी खळ्यावर मी पिशवीतून माझी बाटली काढली. गोळी तीच, तिच्या जुन्या बाटलीतली आणि माझ्या बाटलीतली एकच. अर्ध्या गोळ्या मी काशीच्या हातावर ओतल्या आणि म्हटलं, रोज एक, आजपासून, सोनीनंच खायची. हे शेवटचं दोनदा म्हणालो. काशी म्हणाली, “ता कळला मला.” पुढे सरकारी केंद्रात माझ्या गोळ्या आधीच कशा संपल्या याचा जाब द्यावा लागला. बाटली विहिरीत पडली असं सांगितलं. केंद्रातल्या मुलीनं मला झापलं, मी ऐकून घेतलं.

नवव्या दिवशी मोठ्या मॅडम स्वतः आल्या. गाडी रस्त्यावर ठेवून शेतातून चालत. त्यांच्याबरोबर साहेब नव्हते. समितीचा निर्णय आणि औषधाची बाटली दोन्ही आणलं होतं. त्यांनी सोनीचं रक्त घेतलं, काशीला प्रश्न विचारले, सगळं वहीत लिहून घेतलं. मी माझ्या गोळ्या दिल्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी लिहिणं थांबवलं आणि वही मिटली. एवढं त्यांच्या बाजूनं लिहून ठेवतो. सोनी उठायला उन्हाळा लागला. त्या वर्षी ती भट्टीवर गेली नाही, काशी एकटी गेली.

आणि मग अहवाल आला. सोळा नंबर वगळण्यात आला आहे. कारण: समाजाच्या बाजूने आकलनाचा अभाव. मी हे वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. लोक मोकळे असतील असं ठरवणाऱ्यांच्या आकलनाबद्दल अहवालात ओळ नव्हती. चेहरा बघायचा नाही, नाव विचारायचं नाही, आणि मग माणूस बदलला तर माणसालाच दोष. उपाय म्हणून आमच्यासाठी प्रबोधनाची कार्यशाळा सुचवली होती, आणि पुढच्या टप्प्यात मनगटाला फोटोचा पट्टा बांधायचं ठरलं होतं. मला वाटलं, आता ही माणसं परत तोंड दाखवणार नाहीत. मी त्यांना फारच लाजाळू समजलो.

तर हे यंदाचं निमंत्रण. नवं इंजेक्शन, तीच संस्था, तोच त्रिकोण, आणि वेळापत्रकही तेच: पाऊस संपल्यावर.

मी फॉर्म सोनीला दाखवायला नेला. म्हणजे तिनं नाही म्हणावं आणि मी तो फाडावा, एवढ्यासाठीच नेला होता. ती बांधावर विळा घासत होती. अंगानं भरली होती, आवाजात जोर आला होता. मी सगळं सांगितलं, शक्य तितकं वाईट करून सांगितलं. तिनं ऐकलं.

“जाईन,” ती म्हणाली.

“सोनी, मरत होतीस.”

“बाटली अजून तांदलातच ठेवते ना मी. परत भट्टीवं जायाचा हाय.” विळ्याची धार तिनं अंगठ्यानं बघितली. “पोरीला सांगायचा हाय मला, आईला काय नाय आता. पन बुधवारी इतं भात असतं. बुधवार त्यांना पायजे, तं त्यांनी मानूस धाडावा. मी गाडीवं जाईन, त्यांचा मानूस माज्या जागेवं कापील. मंग बराबर.”

मला हसू आलं, पण ती हसत नव्हती. गेल्या वर्षी त्यांच्यापायी मरता मरता वाचलेली ही बाई त्या पांढऱ्या शर्टवाल्यांना आपल्यात घ्यायला तयार होती. फक्त आपल्यात जे सगळे पाळतात, ते त्यांनी पाळायचं. त्या हॉटेलातल्या माझ्या सगळ्या बैठकांत इतकं सरळ कुणी बोललं नव्हतं. मी तर नाहीच.

मी ती अट फॉर्मवर लिहिली आणि पाठवली. उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं, साहेबांच्या ऑफिसातून, फार उत्साहाचं. सूचना अत्यंत मोलाची आहे, सहभागींना दर बुधवारी बुडालेल्या वेळेची योग्य भरपाई रोख दिली जाईल. मी परत पाड्यावर गेलो आणि तिला वाचून दाखवलं.

“पैसं नको,” ती म्हणाली. “मानूस.”

तेवढेच तीन शब्द मी त्यांना कळवले. फॉर्म माझ्याकडेच आहे, सहीची जागा कोरी. शुक्रवार येऊन गेला. आज बुधवार आहे, सोनीच्या शेतात कापणी लागली आहे, आणि घरटी एक माणूस आलेला आहे. काशीनं एक विळा जास्तीचा घासून बांधावर ठेवलाय. दुपारपर्यंत कुणी आलं नाही, तेव्हा तो मी उचलला.